जुना टेबललँप घ्यायचाय? आधी गुप्तहेर व्हा!

दोस्तांनो, आधी एक कोडं सोडवा.

एका पायावर उभा, डोक्यावर टोपी. दिवसभर झोपतो आणि रात्री तुमच्याबरोबर अभ्यासाला जागतो. ओळखा पाहू कोण?

बरोब्बर! टेबललँप.

आता दुसरं कोडं, जरा अवघड. बाजारात दोन टेबललँप शेजारी शेजारी ठेवलेत. दोन्ही पितळी, दोन्ही काळपट, दोन्हींवर धूळ. दुकानदार म्हणतो, "ताई, दोन्ही शंभर वर्षांचे आहेत. राजवाड्यातला माल आहे!" त्यातला एक खरंच जुना आहे आणि दुसरा गेल्या वर्षी तयार झालाय. कसं ओळखाल?

हे कोडं सोडवता येतं, बरं का. त्यासाठी भिंग, लोहचुंबक आणि थोडा शाळेत शिकलेला इतिहास-भूगोल एवढंच सामान लागतं. हल्ली पुष्कळ घरांत जुने दिवे हौसेने ठेवतात. मुंबईच्या चोरबाजारातली मटन स्ट्रीट, पुण्याचा जुना बाजार अशा ठिकाणी ते मिळतात. कधी कधी तर बाजारात जायचीही गरज नसते, माळ्यावरच सापडतात! पण नीट पाहिलं नाही तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे पैसे फुकट जातात. दुसरी त्याहून वाईट, चांगला जुना दिवा मोडीच्या भावाने भंगारात जातो. आणि तिसरा एक धोका आहे, तो जिवाशी खेळणारा आहे. त्याबद्दल पुढे सांगतेच.

'अँटिक' म्हणजे किती जुनं?

दुकानदार ज्याला त्याला 'अँटिक' म्हणतात. पण या शब्दाला माप आहे. साधारणपणे शंभर वर्षं पूर्ण झालेल्या वस्तूला अँटिक म्हणायची पद्धत आहे. आपल्या देशात पुरावस्तूंसाठी १९७२ साली केलेला कायदा आहे. त्यातही शंभर वर्षांची अट आहे. जुन्या हस्तलिखितांसाठी मात्र ७५ वर्षं पुरतात. अशा पुरावस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर नेऊन विकता येत नाहीत.

शंभराच्या आतल्या, पण आपल्या काळाची छाप असलेल्या वस्तूंना 'व्हिंटेज' म्हणतात. पणजोबांच्या वेळचा दिवा अँटिक असू शकेल, आजोबांच्या वेळचा बहुधा व्हिंटेज. म्हणून व्हिंटेज कमी प्रतीचा असं मुळीच नाही हं! साठ वर्षांचा सुबक दिवा शंभर वर्षांच्या ओबडधोबड दिव्यापेक्षा कितीतरी चांगला असू शकतो. फक्त साठ वर्षांच्या दिव्याला शंभर वर्षांच्या दिव्याची किंमत मोजू नये, इतकंच.

तेलाची टाकी कुठे आहे?

विजेच्या आधी टेबलावर तेलाचे दिवे असत. त्यांचं वय ओळखायची एक गंमतशीर खूण आहे. तेलाची टाकी ज्योतीच्या वर आहे की खाली, ते बघा.

स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा गावात जन्मलेल्या ऐमे आर्गां नावाच्या माणसाने १७८० च्या सुमारास नवा दिवा तयार केला. १७८४ साली इंग्लंडमध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याची वात नळीसारखी गोल आणि पोकळ होती. त्यामुळे ज्योतीला बाहेरूनही हवा मिळे आणि आतूनही. वर काचेची चिमणी बसवली, की ज्योत शांत आणि लख्ख जळे. पण तेव्हा दिव्यात वनस्पतींचं किंवा देवमाशाचं तेल घालत. ते दाट. वातीतून वर चढायचा त्याला भारी कंटाळा! म्हणून टाकी ज्योतीपेक्षा उंचावर, बाजूला लावावी लागे. मग त्या बाजूला टाकीची सावली पडे.

पुढे रॉकेल आलं. लुकासिएविच नावाच्या औषधं बनवणाऱ्या पोलिश माणसाने १८५३ साली रॉकेलचा दिवा तयार केला. त्याच वर्षी ३१ जुलैला ल्वूव शहरातल्या इस्पितळात तो वापरला गेला. १८५९ साली अमेरिकेत पेनसिल्व्हानियामध्ये ड्रेकने खनिज तेलाची विहीर खोदली आणि रॉकेल स्वस्त झालं. रॉकेल पातळ असतं. ते वातीतून भराभर वर चढतं. विज्ञानाच्या पुस्तकात 'केशाकर्षण' वाचलंय ना? तेच हे. त्यामुळे टाकी ज्योतीच्या खाली आली. सावली गेली आणि दिवा सुटसुटीत झाला.

म्हणजे टाकी वर असेल तर दाट तेलाचा दिवा आणि टाकी खाली असेल तर बहुधा रॉकेलचा. एका नजरेत निम्मं काम झालं!

आपल्याकडे तर रॉकेलच्या दिव्यांनी कित्येक पिढ्यांना शिकवलं. कराडजवळच्या ओगलेवाडीला १९१६ साली ओगले काच कारखाना सुरू झाला. तिथला 'प्रभाकर कंदील' महाराष्ट्रात घरोघर गेला. घरातल्या मोठ्या माणसांना हे नाव विचारून बघा. त्यांचे डोळे कसे चमकतात ते पाहा!

विजेच्या घराण्यातले तीन प्रसिद्ध दिवे

विजेचे दिवे आल्यावर टेबललँपचं रूपच पालटलं. त्यातले तीन नमुने आजही जगभर लोक शोधत फिरतात आणि त्यांच्या नकलाही सर्वांत जास्त होतात. म्हणून त्यांची ओळख हवीच.

पहिला, रंगीत काचांचा टिफनी लँप. न्यूयॉर्कच्या लुई कम्फर्ट टिफनीच्या कारखान्यात हे दिवे बनत. रंगीत काचेचे छोटे छोटे तुकडे कापायचे, प्रत्येकाच्या कडेला तांब्याची पातळ पट्टी गुंडाळायची आणि मग झाळून एकमेकांना जोडायचे. फुलं, वेली, चतुर हे सगळं काचेत! विस्टेरियाच्या फुलांच्या एका दिव्यात तर काचेचे जवळजवळ दोन हजार तुकडे असतात. कितीतरी वर्षं सगळ्यांना वाटे, की ही चित्रं टिफनीसाहेबांनीच काढली. पण क्लारा ड्रिस्कॉल नावाच्या बाईंनी घरी लिहिलेली पत्रं पुढे अभ्यासकांच्या हाती लागली. त्या पत्रांवरून कळलं, की अनेक प्रसिद्ध दिवे त्यांनी आणि त्यांच्या हाताखालच्या मुलींनी घडवले होते. २००७ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. बाईंच्या निधनानंतर साठ वर्षांहून जास्त काळाने! त्या काळी लग्न झालेल्या बायकांना त्या कारखान्यात कामावर ठेवत नसत. एवढी कला हातात असून नाव मात्र झाकलेलंच राहिलं.

बाजारात 'टिफनी' म्हणून मिळणारे बहुतेक दिवे त्या धाटणीचे असतात, त्या कारखान्यातले नव्हेत. त्यातही काचेऐवजी प्लास्टिक असू शकतं. नखाने हलकेच वाजवा. काच 'टण्' वाजते, प्लास्टिक 'टक्' वाजतं. शिवाय काच हाताला गार लागते.

दुसरा, हिरव्या टोपीचा बँकर लँप. वकिलांच्या, सावकारांच्या मेजावर सिनेमात हमखास दिसणारा. अमेरिकेत १९०९ साली मॅकफॅडिन यांनी त्याचं पेटंट घेतलं. 'एमरलाइट' हे त्याचं विक्रीचं नाव. याची गंमत टोपीच्या आत आहे. काच बाहेरून हिरवी, पण आतून पांढरी! पांढरा थर उजेड खाली कागदावर फेकतो आणि हिरवा थर डोळ्यांवर येणारा उजेड मऊ करतो. दुकानात असा दिवा दिसला तर वाकून आत बघा. आतही हिरवीच काच असेल तर ती जुन्या पद्धतीची टोपी नव्हे.

तिसरा तर तुमच्या ओळखीचाच! पिक्सार कंपनीच्या सिनेमाच्या सुरुवातीला टुणटुण उड्या मारत येणारा आणि अक्षरावर नाचणारा दिवा आठवतो? तो १९८६ सालच्या 'लक्सो ज्युनियर' या छोट्या फिल्ममधला. त्याच्या घराण्याचा मूळ पुरुष इंग्लंडचा 'अँगलपॉइज'. जॉर्ज कारवर्डाइन हे मोटारींच्या स्प्रिंगांचे जाणकार इंजिनियर. आपला हात कसा कुठेही वाकतो आणि हवा तिथे थांबतो? तसाच दिवा त्यांनी १९३२ साली स्प्रिंगा वापरून केला. बोटाने ढकला, जिथे सोडाल तिथे राहतो. १९३५ साली तीन स्प्रिंगांचा, घरात वापरायचा नमुना आला. त्याचा चौकोनी तळ पायऱ्यापायऱ्यांचा होता. १९३७ साली नॉर्वेच्या याकोबसेन यांनी त्यावरूनच 'लक्सो' काढला. असा जुना दिवा घेताना एकच परीक्षा घ्या. हात वर करून सोडून द्या. हळूहळू खाली बसला तर स्प्रिंगा थकल्यात असं समजा.

गुप्तहेराचे सहा पुरावे

आता भिंग काढा! कोणताही जुना दिवा हातात आला, की त्याला उलटा करा. दिव्याचं खरं वय तोंडावर नसतं, तळाला असतं.

१. लोहचुंबक. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आणि वर पितळेचा मुलामा असू शकतो. पण घाई नको! दिव्याच्या मधोमध बहुतेक वेळा लोखंडी नळी असते. म्हणून तळ, खांब, टोपी अशा तीन-चार जागी लावून बघा.

२. स्क्रू. डोक्यावर अधिकचं चिन्ह असलेला स्क्रू म्हणजे फिलिप्स स्क्रू. त्याचं पेटंट अमेरिकेत १९३६ साली झालं. दुकानदार 'ब्रिटिश राणीच्या वेळचा' म्हणतोय आणि सगळे स्क्रू अधिकच्या चिन्हाचे? मग राणीला स्वप्न पडलं असणार!

३. देशाचं नाव. 'मेड इन वेस्ट जर्मनी' लिहिलंय? पश्चिम जर्मनी हा देश १९४९ ते १९९० या काळातला. 'चेकोस्लोव्हाकिया' लिहिलंय? तो देश १९१८ साली जन्मला आणि १९९२ साल संपताना त्याचे दोन देश झाले. भूगोलाचा जुना नकाशा इथे कामाला येतो.

४. किंमत आणि पत्ता. किंमत आण्यांत असेल तर दिवा बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा, कारण त्या दिवशी आपल्याकडे दशमान नाणी आली. तेव्हापासून १९६४ पर्यंत पैशाला 'नवा पैसा' म्हणत. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर ते लेबल १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला.

५. झीज. माणसाचा हात जिथे लागतो तिथेच वस्तू झिजते. बटण, वात फिरवायची चकती, उचलायची जागा, तळाची कड. सगळीकडे सारखाच काळपटपणा असेल तर संशय घ्या. पितळेवर हिरवा कळंक खाचाखोचांत धरतो, रंग मारल्यासारखा एकसारखा पसरत नाही. आम्ल लावून नवीन पितळ जुनं करता येतं.

६. तळाची बनात. तळाला नवी कोरी बनात चिकटवली असेल तर ती कशासाठी, ते विचारा. कधी दुरुस्तीसाठी असते, कधी काहीतरी झाकण्यासाठी. पितळी फुलदाणीला किंवा जुन्या समईला भोक पाडून टेबललँप केलेला असतो. भोकाची कड चकचकीत दिसली तर भोक नवं आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. एका पुराव्यावर कधी निकाल द्यायचा नाही. स्क्रू नंतर बदललेला असू शकतो, लेबल दुसऱ्या वस्तूचं असू शकतं. दोन-तीन पुरावे एकाच वर्षाकडे बोट दाखवू लागले, तरच मान डोलवायची.

आमच्या वर्गातला खटला

हे सगळं पुस्तकी वाटतंय का? मग आमच्या पाचवीच्या वर्गात काय झालं ते ऐका.

'घरातली जुनी वस्तू' असा उपक्रम होता. कोणी अडकित्ता आणला, कोणी पायली, कोणी फिरकीचा तांब्या. एका मुलीने पिशवीतून हिरव्या रंगाचा लोखंडी टेबललँप काढला. मान वाकडी, टोपीला पोचा, वायरीला गाठ. ती म्हणाली, "बाई, हा उद्या भंगारात जाणारे. भंगारवाला वजनावर घेतो म्हणालाय. आजोबा काहीच बोलत नाहीत, पण काल ते जेवले नाहीत."

वर्ग एकदम गप्प झाला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आधी चौकशी करू या!"

दिवा उलटा केला. तळाला कागदाचं लेबल होतं, अर्धं कसरीने खाल्लेलं. मुलांनी भिंगातून अक्षरं लावली. 'लोहार चाळ, बॉम्बे-२'. आणि खाली किंमत, 'रु. १८, न.पै. ५०'.

"पिनकोड नाही, म्हणजे बहात्तरच्या आधीचा," एक जण म्हणाला.

"न.पै. म्हणजे नवे पैसे. म्हणजे सत्तावन्न ते चौसष्ट," दुसरी म्हणाली.

लिहिण्याची सवय काही एका दिवसात जात नाही, म्हणून वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे धरली. तरी साठ वर्षांहून जुना ठरला. अँटिक नव्हे, पण पक्का व्हिंटेज. लोहार चाळ म्हणजे मुंबईतला विजेच्या सामानाचा प्रसिद्ध बाजार, तेही जुळलं.

मग मुलांनी ठरवलं, की साक्षीदार बोलवायचा. आजोबा शाळेत आले. वय पंच्याऐंशीच्या घरात. दिवा बघून खुर्चीवर बसले आणि हळूहळू बोलू लागले. ते गिरणीत कामाला होते. दिवसपाळी संपली, की रात्रशाळा. खोलीत आठ माणसं झोपलेली. मोठा दिवा लावला की कोणीतरी ओरडे. म्हणून पैसे साठवून हा दिवा घेतला. मान खाली वाकवायची आणि पुस्तकापुरता उजेड ठेवायचा. त्याच उजेडात मॅट्रिक झाले. १९८२ साली मुंबईत गिरण्यांचा मोठा संप झाला. काम गेलं. गावी परतताना एक ट्रंक आणि हा दिवा, एवढंच बरोबर होतं.

"तुम्ही घरात सांगितलं का नाही?" एका मुलाने विचारलं.

आजोबा म्हणाले, "कोणी विचारलंच नाही रे बाळा."

दोस्तांनो, बाजारात त्या दिव्याला फार किंमत नाही. नावाजलेल्या कारखान्याचा नाही, टोपीला पोचा आहे. पण त्या घरासाठी तो निवडायचा की टाकायचा, हे काही बाजाराने ठरवायचं नसतं. त्या मुलीच्या घरी ते दुसऱ्या दिवशी ठरलं. दिवा राहिला. कसा राहिला, ते पुढच्या मुद्द्यात आहे, कारण तो राहण्याआधी एक गोष्ट करणं फार फार जरुरीचं होतं.

थांबा! प्लग लावू नका

त्या दिव्याची वायर मुलीने घरी लावून पाहिली नव्हती, हे तिचं नशीब. गाठ सोडवली तर आत वायरीचं रबर बिस्किटासारखं भुगा झालं होतं आणि तांब्याची तार उघडी पडली होती. दिव्याचं अंग लोखंडी. ती तार अंगाला टेकली असती आणि कोणी दिव्याला हात लावला असता तर?

हाच तो जिवाशी खेळणारा धोका. म्हणून नियम पाठ करा. जुना विजेचा दिवा, मग तो कितीही चांगला दिसो, वायरमनने तपासल्याशिवाय प्लगला लावायचा नाही. स्वतः उघडायचाही नाही. जुन्या वायरींवर रबर आणि वर सुती कापड असे. काही दशकांत रबर कडक होऊन तडकतं. बाहेरून कापड छान दिसतं, आत मात्र तार उघडी!

वायरमनकाकांना चार कामं सांगा. वायर नवी घाला. होल्डर आणि बटण तपासा, लागल्यास बदला. दिव्याचं अंग धातूचं असेल तर अर्थिंगची तिसरी तार जोडून तीन पिनांचा प्लग लावा. जुने दिवे दोन पिनांचे असत, त्यांत ही सोय नसे. आणि परदेशी दिवा असेल तर तो किती व्होल्टसाठी केलाय ते पाहा. अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. शिवाय तिकडचा होल्डर आट्यांचा असतो, आपल्याकडे बहुधा दाबून फिरवायचा. बल्ब त्याप्रमाणे घ्यावा लागतो.

बल्ब एलईडीच लावा. जुना तारेचा बल्ब विजेतला बहुतेक भाग उष्णतेतच घालवायचा. त्याने कापडी आणि कागदी टोप्या करपत. सात-आठ वॅटचा एलईडी साठ वॅटच्या जुन्या बल्बाएवढा उजेड देतो आणि फारसा तापत नाही. जुन्या टोपीचं आयुष्य त्यामुळे वाढतं.

रॉकेलचा दिवा शोभेसाठी ठेवलात तर टाकी रिकामी ठेवा. मोठ्यांशिवाय कधीही पेटवू नका. आणि जुना रंग खरवडू नका. पूर्वीच्या रंगांत शिसं असायचं. त्याची धूळ नाकातोंडात जाणं वाईट.

कोणत्या घराला कोणता दिवा?

समजा, पुरावे जमले, वायरही बदलली. आता हा दिवा आपल्या घरात शोभेल का?

अभ्यासासाठी हवा असेल तर खुर्चीवर बसून बघा. टोपीची खालची कड साधारण डोळ्यांच्या रेषेत हवी. उंच असली तर बल्ब डोळ्यांत येतो, फार बुटकी असली तर वही अंधारात राहते. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी दिवा डावीकडे ठेवावा आणि डावखुऱ्यांनी उजवीकडे. नाहीतर आपल्याच हाताची सावली अक्षरावर पडते. अभ्यासाला अँगलपॉइजसारखा वाकणारा दिवा उत्तम. रंगीत काचांचा टिफनी धाटणीचा दिवा कोपऱ्यात सुंदर दिसतो, पण त्याच्या उजेडात गणितं सोडवू नका!

कोकणात किंवा समुद्राकाठी राहत असाल तर लोखंडी दिवा लवकर गंजतो आणि कापडी टोपीला बुरशी येते. तिथे पितळ आणि काच बरी. घरात रांगणारं भावंडं असेल तर जड तळाचा दिवा घ्या आणि काचेची चिमणी उंच जागी ठेवा. टेबल लहान असेल तर पसरट तळ नको.

घासण्याबद्दल एक शब्द. पितळ दिसलं, की आपले हात चिंच आणि राखेसाठी शिवशिवतात! रोजच्या भांड्यांना ते ठीक. पण जुन्या दिव्याचा काळपटपणा हेच त्याचं वय असतं. तो घासून काढला की कोरीव नक्षीही झिजते. मऊ कोरड्या फडक्याने धूळ पुसा, तेवढं पुरे. आणि जुन्या समईला, लामणदिव्याला भोक पाडून विजेचा दिवा करू नका. भोक पाडायला पाच मिनिटं लागतात, बुजवायला कोणी येत नाही.

पाहायला कुठे जाल?

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. डॉ. दिनकर केळकर (१८९६ ते १९९०) गावोगाव हिंडले आणि साध्या घरांतल्या साध्या वस्तू त्यांनी गोळा केल्या. भांडी, कुलपं, वाद्यं, अडकित्ते आणि दिवे! दिव्यांवर तर त्यांनी 'लँप्स ऑफ इंडिया' नावाचं इंग्रजी पुस्तकही लिहिलं. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या आठवणीसाठी संग्रहालयाला त्याचं नाव दिलं. तिथे गेलात तर दिव्यांपुढे जरा थांबा. घडवणाऱ्याने पक्षी कुठे बसवलाय, तेल कुठून घालायचं, हात कुठे धरायचा ते शोधा. चांगले जुने दिवे खूप पाहिले, की नकली दिवा आपोआप ओळखू येतो. डोळ्यांना सवय लागते.

आता तुमची पाळी

या रविवारी एवढं करा. घरातला, आजोळचा किंवा शेजारच्या आजींचा एक जुना दिवा शोधा. कंदील चालेल, चिमणी चालेल, टेबललँप तर उत्तमच. प्लगला लावायचा नाही, पेटवायचा नाही. फक्त उलटा करून बघायचा. एका वहीत त्याचं चित्र काढा आणि खाली पाच ओळी लिहा. तो कशाचा आहे? त्यावर काय लिहिलंय? कुठे झिजलाय? पुराव्यांवरून कोणत्या सालाचा वाटतो? आणि पाचवी ओळ घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारून लिहा, 'या दिव्याच्या उजेडात तुम्ही काय करायचात?'

पहिल्या चार ओळी भिंगाने सापडतील. पाचवी मात्र विचारल्याशिवाय सापडत नाही. तेव्हा लवकर विचारा!